नोट ओळखणारी बोटं

मामूंनी गेल्या पन्नास वर्षांत एकही नोट डोळ्यांनी पाहिलेली नाही. विशीत असतानाच त्यांची नजर गेली. तरीही जुन्या नाशकात, भद्रकालीच्या बाजूला, एका मशिदीबाहेर ते अत्तर, टोप्या, तसबीह आणि मिसवाक विकत आले आणि गल्ला कायम स्वतःच सांभाळत आले. लहानपणी आम्हा पोरांचा एक खेळ होता. मामूंच्या हातात नोट ठेवायची आणि विचारायचं, "मामू, कितने की?" ते कधी चुकले नाहीत. एकदा आम्ही वहीचा कागद बरोब्बर नोटेच्या मापाचा कापला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन बोटांत चोळला, कानाशी नेऊन फडफडवला आणि म्हणाले, "ये कॉपी का कागज है बेटा. इसके बदले मास्टर की मार मिलेगी, और कुछ नहीं."

ही गोष्ट आज सांगायचं कारण माझी भाची. ती पुण्यात मोबाइल अॅप बनवणाऱ्या एका कंपनीत डिझाइनचं काम करते. मागच्या ईदला घरी आली तेव्हा शीरखुर्मा खाता खाता ती आपलं काम समजावून सांगत होती. माणूस एखादी वस्तू वापरतो तेव्हा त्याला काय वाटतं, कुठे तो गोंधळतो, कुठे घाबरतो, कशामुळे त्याचा विश्वास बसतो, याचा आधी अभ्यास करायचा आणि मग बटण कुठे, रंग कोणता, आवाज कसा हे ठरवायचं. याला म्हणतात युजर एक्सपिरियन्स. मामू शांतपणे ऐकत होते. तिचं बोलणं संपल्यावर ते म्हणाले, "फिर ये पता कर, मेरी नोट किसने बिगाडी."

सगळे हसले. मामू हसले नाहीत. ते हसले नाहीत हे माझ्या मनात राहिलं आणि मी भाचीच्या विषयाकडे माझ्या बाजूने, म्हणजे इतिहासाच्या बाजूने, पाहायला लागलो. लांब जायची गरजच नव्हती. मामूंच्या हातातल्या नोटा ज्या गावात छापल्या जातात, त्याच गावात आम्ही राहतो.

नाशकात कोणी "प्रेसमध्ये आहे" म्हटलं, की तो वार्ताहर असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. प्रेस म्हणजे नाशिकरोडची प्रेस. एक नोटांची आणि एक टपाल तिकिटं, मुद्रांक, पासपोर्ट छापणारी. रेल्वे स्टेशनजवळची ती लांबच लांब भिंत आणि आत जाताना-येताना होणारी झडती, हे आम्हा नाशिककरांना इतकं सवयीचं आहे, की आत नेमकं काय ठरतं याचा आम्ही कधी विचार करत नाही. आत फक्त छपाई होते असं मला वाटायचं. नोट कशी असावी, किती लांब, किती रुंद, हे ठरवणारे दिल्ली-मुंबईत बसतात हे खरं. पण जे ठरतं ते कागदावर उतरतं इथे आणि मग कोट्यवधी हातांत जातं. देशात इतके लोक हाताळतात अशी दुसरी कोणती वस्तू असेल?

कागदी नोट येण्याआधी पैसा ओळखायचं काम कान करत. आपल्या भाषेत चोख माणसाला अजूनही खणखणीत नाणं म्हणतात. रुपया दगडावर आपटायचा, नाद ऐकायचा. चांदी खरी असेल तर ती बोलते. अशा लोकांच्या हातात ब्रिटिश सरकारने १८६१ च्या कायद्यानंतर कागद ठेवला. त्यावर राणी व्हिक्टोरियाचं चित्र होतं, छपाई एकाच बाजूला होती आणि दोन देशी भाषांत रक्कम लिहिलेली होती. कागद आपटला तर वाजत नाही. मग विश्वास कशावर ठेवायचा? शिवाय ही नोट ज्या चलन-मंडळाची, त्याच मंडळात तिचे नाणे मिळण्याचा कायदेशीर हक्क. कलकत्त्याची नोट मुंबईत घेऊन गेलात तर तो हक्क नाही. पाच, दहा, पन्नास आणि शंभरच्या नोटा देशभर कुठेही चालतील असं व्हायला १९०३ ते १९११ हा काळ जावा लागला.

लोकांनी मात्र या परक्या वस्तूला आपल्या पद्धतीने वापरायला शिकवलं. टपालाने पैसे पाठवायचे तर वाटेत चोरीची भीती. म्हणून नोट मधोमध कापायची आणि एक तुकडा आधी पाठवायचा. तो पोचल्याचं पत्र आलं, की दुसरा. तिकडे दोन्ही तुकडे जोडले, की नोट पुन्हा जिवंत. हे कुठल्या अधिकाऱ्याने शिकवलेलं नव्हतं. घाबरलेल्या माणसाने शोधलेला तोडगा होता. भाचीला हे सांगितलं तर ती खुर्चीतून उठलीच. तिच्या धंद्यात म्हणे अशा गोष्टींना फार किंमत असते. वस्तू बनवणाऱ्याने जे कल्पिलंच नाही आणि वापरणाऱ्याने गरजेपोटी शोधलं, ते.

आता एक बारीक गोष्ट पाहा. १८६१ च्या नोटेवर दोन भाषा. नकली नोटांचा सुळसुळाट झाला म्हणून राणीचं चित्र काढलं आणि १८६७ पासून नवी मालिका आली, तिच्या हिरव्या नोटांवर चार भाषा. पुढच्या लाल नोटांवर आठ. कोणत्या चार, हे मंडळानुसार बदलायचं. गोऱ्या साहेबाला आमच्या भाषांचं प्रेम उतू चाललं होतं अशातला भाग नाही. ज्याला रक्कम वाचता येत नाही तो नोट घेणार नाही आणि त्याने नोट घेतली नाही तर सरकारचा कागद कागदच राहणार, इतका साधा हिशेब होता. पण त्या हिशेबातून एक गोष्ट कबूल झाली: नोट ज्याच्या हातात जाते त्याच्याशी तिने त्याच्या ओळखीच्या अक्षरांत बोललं पाहिजे.

पहिल्या महायुद्धात चांदी महागली, तेव्हा ३० नोव्हेंबर १९१७ ला एक रुपयाची नोट आली आणि पाठोपाठ अडीच रुपयांची, म्हणजे दोन रुपये आठ आण्यांची. या सगळ्या नोटा तेव्हा विलायतेहून छापून यायच्या. भारताच्या नोटा बँक ऑफ इंग्लंड छापत असे. १९२८ मध्ये नाशिकरोडला नोटांचा छापखाना सुरू झाला आणि १९३२ पर्यंत देशाच्या सगळ्या नोटा इथेच छापल्या जाऊ लागल्या.

आज नोटेच्या पाठीवर पंधरा भाषांची पट्टी असते. नावांच्या इंग्रजी वर्णक्रमाने लावलेली. आसामी पहिली, उर्दू शेवटची. मराठी आठवी, म्हणजे बरोबर मध्यावर. वर सात भाषा, खाली सात. मी शाळेत असताना पट्टीत तेरा ओळी होत्या. कोंकणी आणि नेपाळी नंतर आल्या. पण उर्दू तेव्हाही तळाशीच होती आणि ते मला पक्कं माहीत असण्याचं कारण माझी नानी.

नानीला देवनागरी येत नव्हती, इंग्रजी तर नाहीच. लहानपणी ती कुराण वाचायला शिकली आणि त्या अक्षरांच्या आधाराने अडखळत उर्दू. वडाळ्याकडे भाजी घ्यायला जाताना ती पदराची गाठ सोडायची, नोट काढायची आणि उलटी करायची. "सबसे नीचेवाली लाइन मेरी है," ती म्हणायची. रंगावरूनही तिला नोट कळत असणार, पण नवी कोरी नोट हातात आली, की ती त्या शेवटच्या ओळीवरून नखाची कड फिरवायची आणि ओठांतल्या ओठांत वाचायची. भाजीवाली मराठी, नानी दखनी बोलणारी, नोट पंधरा भाषांची. दोघींना एकमेकींचं लिहिलेलं वाचता येत नव्हतं आणि दोघींना त्याच नोटेवर आपापली ओळ होती. भाजीवालीला तरी तिची ओळ वाचता येत होती की नाही, देव जाणे. नानी २००९ मध्ये गेली. ती असती तर मी तिला सांगितलं असतं, की पट्टीत पाचवी काश्मिरीची ओळही याच लिपीत आहे. मधल्या मध्ये आणखी एक ओळ तिला हक्काने वाचता आली असती.

डोनाल्ड नॉर्मन नावाचा एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहे. नव्वदच्या दशकात अॅपल कंपनीत असताना त्याने युजर एक्सपिरियन्स हा शब्द रूढ केला. २००४ मध्ये त्याचं भावनिक डिझाइनवरचं पुस्तक आलं. त्यात तो म्हणतो, की वस्तू आपल्याशी तीन पातळ्यांवर बोलते. पाहताक्षणी पोटातून जे वाटतं ते एक; वापरताना हाताला जे जमतं किंवा जमत नाही ते दुसरं; आणि ती वस्तू जवळ असण्यातून आपण स्वतःबद्दल जे समजतो ते तिसरं. भाचीने हे मला तिच्या लॅपटॉपवर आकृती काढून दाखवलं. मी म्हटलं, ठीक आहे, पण नानीचं नख त्या ओळीवरून फिरत होतं तेव्हा या तिन्ही पातळ्या एकाच जागी होत्या. आकृतीत त्या वेगळ्या काढता येतात एवढंच.

नाशिकच्या छापखान्याने माणसाच्या हाताची सवय किती सांभाळली, हे मला सगळ्यात स्पष्ट दिसतं ते १९४७ ते १९५० या काळात. देश बदलला, राजा गेला. नोटेवर राजाऐवजी गांधीजी असावेत असा आधी विचार झाला, तसे नमुनेही तयार झाले. शेवटी सारनाथचा सिंहस्तंभ ठरला. १९४९ मध्ये सिंहमुद्रेची एक रुपयाची नोट आली, १९५० पासून बाकीच्या. पण हे नवे नमुने बहुतेक जुन्याच वळणाचे होते. चित्र बदललं, अंगकाठी तीच. १९५३ मध्ये हिंदी ठळक झाली, तेव्हा अनेकवचन 'रुपया' की 'रुपये' यावर वाद झाला आणि तो 'रुपये'च्या बाजूने सुटला. मला हा वाद फार आवडतो. आपण चुकीचं व्याकरण कोट्यवधी लोकांच्या खिशात घालणार आहोत, याची कुणालातरी काळजी होती.

आणि याच काळातली दुसरी गोष्ट, जी आमच्या गावात फार लोकांना ठाऊक नाही. फाळणी झाली तेव्हा पाकिस्तानकडे स्वतःचा नोटांचा छापखाना नव्हता. ठरलं असं, की काही काळ रिझर्व्ह बँकच दोन्ही देशांचं काम पाहील. १ ऑक्टोबर १९४७ ला पाकिस्तानने जी पहिली टपाल तिकिटं काढली ती भारताचीच, सहाव्या जॉर्ज राजाची, त्यावर 'पाकिस्तान' हा शब्द छापलेली. आणि तो शब्द छापला नाशिकरोडला. तिकिटं गोळा करणारे जगभर त्यांना नाशिकच्याच नावाने ओळखतात. एप्रिल १९४८ पासून नोटाही आल्या: एक, दोन, पाच, दहा आणि शंभर रुपयांच्या. तोच राजा, तेच रंग, तोच आकार. फक्त इंग्रजीत 'गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान' आणि उर्दूत 'हुकूमत-ए-पाकिस्तान' या दोन ओळी जास्त. आम्हाला अधूनमधून "तिकडे जा" असं सांगणारी मंडळी भेटतात. त्यांना मी कधीतरी सांगणार आहे, की तिकडची पहिली नोट आपल्या नाशिकरोडची होती.

चेष्टा बाजूला. डिझाइन म्हणून पाहिलं तर त्या दोन ओळी फार शहाण्या होत्या. लाहोर-कराचीत घरंदारं सोडून आलेली माणसं, सगळं हादरलेलं. अशा वेळी त्यांच्या हातात अगदीच अनोळखी कागद ठेवला असता तर तो कुणी घेतला असता का? म्हणून हाताला जे माहीत आहे ते तसंच ठेवलं आणि डोळ्याला जे नवं सांगायचं तेवढंच सांगितलं.

उलट उदाहरणही आमच्याच घराशी जोडलेलं आहे. त्या काळात आखाती मुलुखात भारताचाच रुपया चालत असे आणि त्या वाटेने सोन्याची चोरटी आयात व्हायची. ती रोखण्यासाठी १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या आणि हजला जाणाऱ्यांसाठी आणखी वेगळ्या. हज नोटा दहा आणि शंभर रुपयांच्या. रंग नेहमीपेक्षा निराळा आणि क्रमांकाच्या आधी इंग्रजीत एच-ए ही अक्षरं. या नोटा भारतात चालत नव्हत्या. इथे डिझाइनचं काम नेमकं उलटं होतं, हाताने आणि डोळ्याने फरक ओळखावा हेच. नानीचे वडील साठच्या दशकात मोगल लाईनच्या बोटीने हजला गेले. घरात सांगितली जाणारी गोष्ट अशी, की मुंबईत त्या नोटा हातात पडल्यावर त्यांनी त्या वेगळ्या रुमालात बांधल्या आणि नेहमीच्या नोटांत मिसळू दिल्या नाहीत. चहा पिण्यासाठी त्यातली एक मोडू पाहणाऱ्या सोबत्याला त्यांनी म्हणे झापलं: "ये सफर के पैसे हैं, चाय के नहीं." वेगळ्या रंगाने पैशाला वेगळी नियत दिली होती.

१९६७ मध्ये काटकसर म्हणून सगळ्या नोटा लहान केल्या गेल्या. मामूंना त्या आधीच्या मोठ्या नोटा डोळ्यांनी पाहिल्याचं आठवतं. घडी घातल्याशिवाय खिशात मावायच्या नाहीत, म्हणतात. त्यांच्या बोटांनी जे माप शिकून घेतलं ते या लहान नोटांचं. १९९६ मध्ये महात्मा गांधी मालिका आली, तेव्हा पहिल्यांदा न पाहू शकणाऱ्यांचा वेगळा विचार नोटेवर उतरला. दर्शनी बाजूला हाताला लागणाऱ्या उठावाच्या खुणा आल्या: वीसवर उभा आयत, पन्नासवर चौकोन, शंभरवर त्रिकोण, पाचशेवर वर्तुळ आणि हजारवर चौकट.

हा उठाव कसा येतो ते सांगतो, कारण त्यातच त्याची मर्यादा आहे. धातूच्या पाट्यावर रेषा कोरतात, त्या खोबणीत शाई भरतात आणि सुताचा कागद प्रचंड दाबाने तिच्यावर दाबतात. कागद खोबणीत शिरतो आणि शाई उचलून आणतो. वाळल्यावर ती रेष कागदाच्या वर उभी राहते. कोऱ्या नोटेवर बोट फिरवलं तर जो खरखरीतपणा लागतो तो हाच. आपण सगळे खरी-खोटी पाहायला नोट चोळतो ती याच सवयीने. पण नोट हजार हातांतून गेली, पावसात भिजली, मासळीवाल्याच्या गल्ल्यातून आली, की उठाव बसतो. मामूंनी त्या खुणांवर कधी भिस्त ठेवली नाही. "तिकोन नई नोट का जेवर है," ते म्हणत. "हफ्ते भर में उतर जाता है."

ते भरवसा ठेवत मापावर. गांधी मालिकेत दहाची नोट १३७ मिलिमीटर लांब, वीसची १४७. या दोन्हींची रुंदी ६३. पन्नासची लांबी वीसइतकीच, १४७, पण रुंदी ७३. शंभरची १५७, पाचशेची १६७, हजारची १७७, रुंदी सगळ्यांची ७३. म्हणजे पायरी नेहमी दहा मिलिमीटरची, जवळपास करंगळीच्या नखाएवढी. मामू नोटेची रुंदी मधल्या बोटावर आडवी धरायचे. अरुंद नोट असेल तर नख पूर्ण उघडं राहायचं, रुंद असेल तर झाकलं जायचं. एवढ्यात दहा-वीस एका बाजूला आणि पन्नास-शंभर-पाचशे दुसऱ्या. मग लांबी तळहातावर. सगळं एका श्वासात. गिऱ्हाइकाला कळायचंही नाही, की इथे काही मोजलं जातंय.

८ नोव्हेंबर २०१६ नंतरचं अर्थकारण हा माझा विषय नाही. त्यावर पुष्कळांनी लिहिलं आहे. मी फक्त मापं सांगतो. दोन हजारची नवी नोट १६६ बाय ६६. पाचशेची १५० बाय ६६. ऑगस्ट २०१७ मध्ये दोनशेची आली, १४६ बाय ६६. नवी पन्नासची १३५ बाय ६६. पुढे नवी शंभरची १४२ बाय ६६, दहाची १२३ बाय ६३ आणि वीसची १२९ बाय ६३. शंभर, दोनशे आणि पाचशे यांच्यात आता चार-चार मिलिमीटर. अरुंद आणि रुंद यांच्यातला फरक दहावरून तीनवर. मधल्या बोटाचं नख आता काहीच सांगत नव्हतं.

त्यात जुन्या लहान नोटाही चालूच होत्या. जुनी वीसची १४७ बाय ६३. नवी दोनशेची १४६ बाय ६६. जुनी दहाची १३७ बाय ६३, नवी पन्नासची १३५ बाय ६६. पुन्हा वाचा. ज्याची बोटं चाळीस वर्षं याच भाषेत बोलत होती, त्याला वीस आणि दोनशे एकच ऐकू येऊ लागले. नव्या मोठ्या नोटांवर उठावाच्या रेषा वाढवल्या होत्या, शंभरवर चार, पाचशेवर पाच, हे खरं. पण त्या शंभर आणि त्यावरच्याच नोटांवर. आणि जेवर उतरायला आठवडा पुरतो हे मामूंनी आधीच सांगून ठेवलं होतं.

त्या हिवाळ्यात मामूंनी वीस म्हणून दोनशे दिले. एकदा नाही, तीनदा. दोन गिऱ्हाइकं परत आली. त्यातला एक तर कॉलेजचा पोरगा होता, अर्ध्या रस्त्यातून धावत आला. तिसरा आला नाही. संध्याकाळी मुमानी हिशेब करत होत्या तेव्हा कळलं. मामूंनी पैशाबद्दल अवाक्षर काढलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र ते प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायला लागले, "कितने की है?" जो प्रश्न आम्ही खेळात त्यांना विचारायचो तो आता ते अनोळखी माणसांना विचारत होते. मी शेजारी उभा असलो, की त्यांचा आवाज त्या वाक्याला जरा खाली यायचा.

त्या नोव्हेंबरात एक गोष्ट सगळ्यांनी पाहिली होती. नवी दोन हजारची नोट जुन्या एटीएमच्या खणांत बसत नव्हती. देशात सुमारे दोन लाख एटीएम. प्रत्येकापाशी माणूस पाठवून, ते उघडून, खण नव्या मापाला जुळवावे लागले. आठवडे गेले. वर्तमानपत्रांत रोज आकडा, आज इतकी झाली, उद्या इतकी होतील. नव्या नोटेचा रंग उतरतो अशी आवई उठली तेव्हा अर्थ खात्याच्या सचिवांना समोर येऊन सांगावं लागलं, की थोडा रंग लागणं हीच खरी नोट असल्याची खूण आहे. म्हणजे यंत्र गोंधळलं तर त्याला शिकवायला मेकॅनिक गेला आणि डोळस माणूस गोंधळला तर त्याला समजवायला सचिव आले.

बोटांची बाजू शेवटी कोर्टात मांडली गेली. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि २०१९ मधल्या सुनावणीत न्यायालयाने रिझर्व्ह बँकेला विचारलं, की नोटांचे आकार पुन्हा पुन्हा का बदलावे लागतात. १ जानेवारी २०२० ला रिझर्व्ह बँकेने 'मनी' नावाचं अॅप काढलं. फोनचा कॅमेरा नोटेसमोर धरला, की ते किंमत बोलून सांगतं. सुरुवातीला हिंदी आणि इंग्रजीत. भाचीने मामूंना ते फोनवर घालून दिलं. अॅप चांगलं आहे, मी तिच्याशी भांडणार नाही. पण एका हातात अत्तराची कुपी, दुसऱ्यात नोट, समोर जुम्म्याची गर्दी. फोन तिसऱ्या हातात धरायचा का? मामूंनी ते चार दिवस वापरलं.

भाचीचं म्हणणं असं, की बदल करू नका असं कुणीच म्हणत नाही. नकली नोटा येतात, तंत्र बदलतं, नोट बदलणारच. पण बदलताना आधी विचारा, की लोक ही वस्तू कशाने ओळखतात. १९४८ मध्ये ते कुणालातरी सुचलं होतं. इथे मी तिच्या बाजूचा आहे. एक भर घालतो: दहाच्या नाण्याचं काय झालं ते आठवा. वेगवेगळ्या काळात त्याचे इतके नमुने निघाले, काहींवर रुपयाचं चिन्ह, काहींवर नाही, की लोकांनी ते घेणंच सोडलं. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं, की चौदाही नमुने खरे आहेत. माणसाचा जीव अशा वेळी हिशेब करत नाही, तो फक्त हात मागे घेतो.

मामूंच्या ठेल्यावर आता क्यूआर कोड आहे आणि तो छोटा बोलका डबाही. पैसे आले, की मराठीत रक्कम सांगतो. पहिल्या दिवशी मामूंनी तो कानाशी धरून ऐकला, जुन्या लोकांनी रुपया ऐकला असेल तसा. पण रमजानात खजूर आणि मिसवाक घ्यायला जी बायका-पोरं येतात ती अजून रोख आणतात आणि सुट्टे मागतात. त्यावर मामूंनी स्वतःच तोड काढली आहे. मार्च २०१९ मध्ये न दिसणाऱ्यांचा विचार करून नव्या नाण्यांची मालिका जाहीर झाली, त्यात वीस रुपयांचं नाणं आहे, गोल नाही, बारा कोनांचं. मामू ओळखीच्या दुकानदारांकडून ही नाणी मागून घेतात, एका चहाच्या डब्यात साठवतात आणि सुट्टे शक्यतो त्यातूनच देतात. नोट फक्त घ्यायची, द्यायची नाही. घेताना विचारावं लागतं. देताना तरी नाही.

ईदच्या त्या दुपारी त्यांनी डब्यातलं एक नाणं भाचीच्या हातावर ठेवलं. "आँख बंद कर और कोने गिन." तिने डोळे मिटून नाणं फिरवलं. आधी अकरा म्हणाली, मग चौदा. तिसऱ्यांदा सुरुवात कुठून केली तेच विसरली. मामूंनी तिचा अंगठा धरला आणि एका कोनावर दाबून ठेवला. "इसको हिलाना नहीं," ते म्हणाले. "अब दूसरी उँगली से चल."